परळमधील एका इमारतीतील कावीळ: चार आठवडे मागे जाऊन घेतलेला शोध

भर पावसाळ्यात परळमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत काविळीचे रुग्ण एकामागून एक निघू लागले, तेव्हा रहिवाशांनी आठवडाभरातच दोषी ठरवून टाकला होता: फाटकासमोर संध्याकाळी उभा राहणारा पाणीपुरीवाला. हा निष्कर्ष वरवर पाहता अगदीच निराधार नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलाने मांडण्याजोगे आहे. येथे वर्णिलेली इमारत प्रातिनिधिक आहे. मुंबईतील इमारतींत अशा साथींच्या वेळी जे पुन्हा पुन्हा आढळते, ते एका ठिकाणी आणून आणि तारखा सुसंगत ठेवून मांडले आहे. विषाणूविषयीची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

इमारत आणि पहिला रुग्ण

इमारत पुनर्विकासातून उभी राहिलेली. जुन्या चाळीत आयुष्य काढलेली गिरणी कामगारांची कुटुंबे आणि नंतर घरे विकत घेऊन आलेली तरुण कुटुंबे एकाच जिन्यावर नांदतात. दोन विंग आहेत, अ आणि ब. महापालिकेचे पाणी दिवसातून ठरावीक तास येते. ते प्रत्येक विंगच्या स्वतंत्र जमिनीखालच्या टाकीत साठते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. परळ-हिंदमाता हा सखल भाग असल्यामुळे मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की आवारात पाणी साचते, आणि रहिवाशांना त्याचे काही विशेष वाटेनासे झाले आहे.

पहिला रुग्ण ब विंगमधील चोवीस वर्षांचा, लोअर परळला नोकरी करणारा तरुण. त्याला आधी ताप, अंगदुखी आणि मळमळ सुरू झाली. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला तरी त्याला उमासे येऊ लागले. जवळच्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे, तीन-चार दिवसांत उतरेल' असे सांगून तापाची गोळी दिली. निदान चुकीचे नव्हते, फक्त अपुरे होते. पाचव्या दिवशी ताप उतरला, लघवी कडक चहासारखी गडद झाली आणि २२ जुलैला आईला त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. ताप उतरणे आणि कावीळ दिसणे हे असे पाठोपाठ होणे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. रक्ततपासणीत यकृतातील एसजीपीटी हे विकर हजाराच्या पुढे गेलेले निघाले आणि हिपॅटायटिस ए या विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे सापडली, म्हणजे संसर्ग ताजा होता.

दरम्यान घरच्यांनी त्याला रविवारी कावीळ उतरवून घेण्यासाठी नेले होते. तेथे हाताला कसला तरी रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले, आणि पाणी पिवळे होताच 'कावीळ निघाली' असे सांगण्यात आले. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला लावला तर निरोगी माणसाच्या हातूनही चुन्याचे पाणी पिवळे होते. हिपॅटायटिस ए बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. अशा उपचारांची ख्याती त्याच्यावरच टिकून आहे. या प्रयोगाने तरुणाचे थेट नुकसान झाले नाही, पण परतीच्या वाटेवर 'काविळीला चांगला' म्हणून पाजलेला बर्फ घातलेला उसाचा रस ही मात्र खरोखर काळजीची गोष्ट होती, कारण खाण्यायोग्य नसलेल्या बर्फातून हाच विषाणू पसरू शकतो. हळद बंद, तेल-तूप बंद, फक्त उकडलेले, या पथ्यालाही वैद्यकीय आधार नाही. रुग्णाला पचेल आणि रुचेल ते साधे अन्न द्यावे, दारू पूर्ण टाळावी आणि पॅरासिटामॉलसह कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, इतकेच खरे पथ्य आहे.

पाणीपुरीवाल्याविरुद्धचा पुरावा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुग्ण भराभर वाढले. १३ ऑगस्टपर्यंत १४ जणांना कावीळ झाली होती. यांपैकी बहुतेक जण अठरा ते पस्तीस वयाचे होते. साठीच्या पुढचे एकही माणूस आजारी पडले नव्हते आणि अगदी लहान मुलांतही कोणाचे डोळे पिवळे झाले नव्हते. बाहेरचे चटपटीत खाणारे तेवढे आजारी आणि घरचे जेवणारे तेवढे बरे, असे चित्र दिसत असताना रहिवाशांचे बोट पाणीपुरीच्या गाडीकडे गेले तर नवल नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गाडी हटवण्यासाठी वॉर्ड ऑफिसला अर्जही लिहिला.

याच काळात इतरही उपाय सुरू होते, आणि त्यांतून विषाणूजन्य आजारांविषयीचा एक सार्वत्रिक गोंधळ दिसून येतो. काही जण लिफ्टमध्ये मास्क लावू लागले, काहींनी धूरफवारणीची मागणी केली, आणि प्रवेशद्वाराशी सॅनिटायझरची बाटली आली. प्रत्येक उपाय कोणत्या ना कोणत्या विषाणूसाठी योग्यच होता. फ्लू आणि कोविड श्वासावाटे पसरतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. डेंग्यू एडिस डासाच्या चाव्यातून येतो आणि त्याच्यासाठी साठलेले स्वच्छ पाणी शोधावे लागते. हिपॅटायटिस एचा मार्ग यांपैकी कोणताच नाही. तो रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाणी, अन्न किंवा हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातो. शिवाय फ्लू किंवा कोविडच्या विषाणूभोवती असते तसे चरबीचे आवरण याच्या कणांभोवती नसल्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्यावर फारसा भरवसा धरता येत नाही. येथे साबण आणि वाहते पाणीच हवे, कारण चोळून धुताना विषाणू हातावरून निघून जातो.

वयाच्या चित्राचा खरा अर्थ वेगळाच होता. हिपॅटायटिस ए एकदा होऊन गेला की बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. पूर्वीच्या मुंबईत, विशेषतः चाळीच्या सामाईक संडासांच्या आणि नळांच्या काळात, हा संसर्ग लहानपणीच होऊन जात असे. सहा वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांत त्याची लक्षणेच दिसत नाहीत आणि कावीळ तर क्वचितच होते, त्यामुळे तो झाला हे घरात कोणाच्या लक्षातही येत नसे. ब विंगमधील आजी-आजोबा या रीतीने कधीचेच सुरक्षित झालेले होते. त्यांची नातवंडे फ्लॅटमध्ये, स्वतंत्र शौचालय आणि गाळलेले पाणी यांत वाढली. बालपणी संसर्ग टळला आणि प्रतिकारशक्तीही आली नाही. मोठ्या मुलांत आणि प्रौढांत मात्र हा आजार झालेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना कावीळ होते, आणि वय वाढेल तशी यकृत निकामी होण्याची भीतीही वाढते, जरी एकूण प्रमाण एक टक्क्याहून कमीच असते. म्हणजे तरुण मंडळी बाहेर खातात म्हणून आजारी पडली नव्हती. त्यांच्याजवळ या विषाणूविरुद्ध काहीच नव्हते म्हणून ती आजारी पडली होती. राहणीमान सुधारल्यामुळे एखाद्या रोगाची धग बालपणाकडून तारुण्याकडे सरकावी, हा विरोधाभास भारतातील अनेक शहरांत दिसू लागला आहे. त्यामुळे या वयोगटात कावीळ दिसली की पहिला संशय खाद्यगाडीवर जाण्याची सवय डॉक्टरांनीही सोडायला हवी, असे वाटते.

पाणीपुरीवाल्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती आणि ती कोणी मोजलीच नव्हती. त्याचे गिऱ्हाईक दोन्ही विंगचे होते, पण १४ पैकी १३ रुग्ण ब विंगमधील होते. उरलेला एक अ विंगचा तरुण, ब विंगच्या तळमजल्यावरील व्यायामशाळेत रोज जाणारा आणि तिथल्याच नळाचे पाणी बाटलीत भरून पिणारा.

तारखांवरून मागे जाताना

हिपॅटायटिस ए शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात; सरासरी साधारण २८ दिवसांची. ज्याला काल कावीळ झाली त्याने परवा काय खाल्ले, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो. विचारायचे असते ते महिन्यापूर्वीचे, आणि महिन्यापूर्वीचे जेवण कोणालाच आठवत नाही. इमारतीची स्मृती मात्र माणसांपेक्षा चांगली असते, विशेषतः तिचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर.

वॉर्डच्या आरोग्य विभागाकडून आलेल्या डॉक्टरांनी आरोग्य सेविकेकरवी घरोघरी चौकशी करून प्रत्येक रुग्णाची कावीळ कोणत्या तारखेला दिसली याची यादी केली आणि हिशेब मांडला. पहिला रुग्ण २२ जुलैचा; त्याच्यापासून किमान १५ दिवस मागे गेले की ७ जुलै येते, म्हणजे संसर्ग त्यानंतरचा असू शकत नाही. शेवटचा १३ ऑगस्टचा. त्याच्यापासून कमाल ५० दिवस मागे गेले की २४ जून येते. मधला रुग्ण ३१ जुलैचा, आणि सरासरी २८ दिवस वजा केले की ३ जुलै. सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणाहून संसर्ग झाला असेल, तर ती वेळ २४ जून ते ७ जुलै या पंधरवड्यात आणि बहुधा ३ जुलैच्या आसपास असली पाहिजे. रुग्णसंख्या एकदम वर चढून तीन आठवड्यांत ओसरली होती, हेही एकाच स्रोताचे लक्षण होते. माणसाकडून माणसाकडे, घरातून घरात पसरणारी साथ अशी एकदम उसळत नाही.

ब विंगच्या ग्रुपवर ३ जुलैच्या सकाळी सेक्रेटरींनी टाकलेला संदेश अजून होता: 'पाणी गढूळ येत आहे. वॉर्डला तक्रार केली आहे. सहकार्य करावे.' त्याखाली दोन जणांचे अंगठे होते आणि एका काकूंचा प्रश्न, 'धुण्याला चालेल का?' आदल्या रात्री मोठा पाऊस झाला होता आणि आवारात गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी साचले होते. वॉचमनला आठवत होते की ब विंगच्या टाकीचे झाकण त्या रात्री पाण्याखाली होते, आणि टाकीपासून तीन पावलांवरच्या ड्रेनेज चेंबरमधून पाणी उलटे वर येत होते. त्या आठवड्यात ब विंगमधील काही घरांत जुलाबही झाले होते. पावसाळ्यात हे व्हायचेच म्हणून कोणी त्याची नोंद केली नव्हती.

पाण्याचा अहवाल 'योग्य'

येथे तपास जवळजवळ थांबणार होता. ६ ऑगस्टला घेतलेला टाकीतील पाण्याचा नमुना महापालिकेच्या प्रयोगशाळेतून 'पिण्यास योग्य' असा शेरा घेऊन आला, आणि सोसायटीच्या समितीने तो नोटीस बोर्डावर लावला. अहवाल खोटा नव्हता. त्या दिवशीचे पाणी खरोखरच चांगले होते. ३ जुलैनंतर टाकी रोज रिकामी होऊन रोज भरली जात होती आणि महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातून आलेले क्लोरीनयुक्त पाणी तिच्यात येत होते. महिन्याभराने तेथे काय उरणार? शिवाय नेहमीची पाणीतपासणी विषाणू शोधत नाही. ती कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे जिवाणू शोधते, कारण ते मलमिश्रणाचे सोयीचे निदर्शक आहेत. हे जिवाणू क्लोरीनने लवकर मरतात. विषाणू त्यांच्यापेक्षा अधिक तग धरतात.

या फरकाचे एक ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५-५६ मध्ये यमुनेतून पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरले आणि शहरात काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. त्या वेळी जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन आणि तुरटीची मात्रा वाढवण्यात आली होती, त्यामुळे जिवाणूजन्य आजारांची साथ आली नाही, पण विषाणू निसटून गेला. ही साथ अनेक वर्षे हिपॅटायटिस एची समजली गेली. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीत तो दुसराच, पाण्यातूनच पसरणारा हिपॅटायटिस ई असल्याचे दिसून आले. परळच्या प्रकरणात ब विंगमध्ये एक गर्भवती महिला होती आणि तिच्या बाबतीत हा भेद केवळ पुस्तकी नव्हता, कारण गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. म्हणून रुग्णांची ई साठीही तपासणी झाली. ती नकारात्मक आली आणि त्या महिलेला संसर्ग झालेला नव्हता.

टाकीविषयीचा संशय एका प्लंबरने मिटवला. रविवारी सकाळी टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसली, शेजारच्या ड्रेनेज चेंबरमध्ये हिरवा चमकणारा रंग ओतला आणि चेंबर पाण्याने भरून ठेवले. दुपारी टॉर्च घेऊन माणूस आत उतरला, तेव्हा चेंबरकडच्या भिंतीवर, तळापासून वीतभर उंचीवर, केसाएवढ्या भेगेतून हिरवट ओल झिरपून तळाशी तिचा ओघळ झाला होता. एरवी टाकी भरलेली असताना आतल्या पाण्याचा दाब या भेगेला रोखून धरत असावा. पंप सुरू होऊन टाकी रिकामी झाली आणि बाहेर चेंबर तुडुंब भरले की दाब उलटा होतो. मुंबईच्या रस्त्याखालच्या जलवाहिन्यांतही हेच घडते: पाणी येण्याची वेळ संपली की वाहिनीतील दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. ठरावीक तासांच्या पाणीपुरवठ्याचा हा धोका टाकी कितीही स्वच्छ ठेवली तरी संपत नाही.

काही घरांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते, कारण त्यांच्याकडे फिल्टर होते. कँडलचा फिल्टर माती आणि बरेचसे जिवाणू अडवतो, परंतु हा विषाणू सुमारे २७ नॅनोमीटरचा असतो आणि त्या छिद्रांतून सहज पार होतो. एका घरात अतिनील किरणांचे चांगले यंत्र होते, तरीही तेथील मुलगी आजारी पडली. यंत्राचे पाणी पिण्यापुरते होते, दात घासणे, चूळ भरणे आणि कोशिंबिरीची काकडी धुणे नळाच्याच पाण्याने चालत असे. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की हा विषाणू मरतो. ३ जुलैच्या संदेशात 'सहकार्य करावे' ऐवजी 'उकळून वापरावे' असते, तर बरेच काही टळले असते.

दुसरी लाट

टाकीचा वापर थांबला, टँकरचे पाणी सुरू झाले, आणि रहिवाशांनी सुटकेचा श्वास सोडला. २९ ऑगस्टला दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या मावशींचे डोळे पिवळे झाले. त्या चाळिशीच्या होत्या, कोकणातून लग्न होऊन आलेल्या, आणि लहानपणी हा संसर्ग त्यांना झाला नसावा. पुढच्या दहा दिवसांत आणखी तिघांना कावीळ झाली, आणि ते तिघेही अ विंगचे होते, जेथे टाकीचा काही संबंधच नव्हता. तिघांचीही मुले याच पाळणाघरात जात.

कोडे मुलांपाशी सुटले. पाळणाघरातील तीन-चार चिमुकल्यांना जुलैच्या शेवटी एक-दोन दिवस बारीक ताप आणि पातळ जुलाब झाले होते, इतकेच. पिवळेपणा नव्हता म्हणून ती रोज येत राहिली. रक्ततपासणीत त्यांच्यापैकी दोघांना ताजा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. या आजारात विषाणू विष्ठेतून सर्वाधिक बाहेर पडतो तो कावीळ दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांत, आणि लहान मुलांत त्यानंतरही बराच काळ. मावशी दिवसभर लंगोट बदलत, मग हात पाण्याखाली धरून, पुष्कळदा साबणाशिवाय, पुढच्या मुलाला पोळीचा तुकडा भरवत. घरी आई-बाबा तेच करत. ज्यांच्यात रोग दिसत नव्हता तेच त्याचे वाहक होते. मोठ्या रुग्णांची भांडी वेगळी ठेवण्यात, त्यांना खोलीत बसवून ठेवण्यात सर्व दक्षता खर्च झाली होती, वास्तविक कावीळ दिसल्यानंतर साधारण आठवड्याभरात प्रौढ रुग्णाची संसर्गक्षमता बरीच ओसरते.

या टप्प्यावर लस उपयोगी पडली. हिपॅटायटिस एची लस संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिली तर आजार टळू शकतो. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नसल्यामुळे पाळणाघराशी संबंधित कुटुंबांनी ती स्वखर्चाने घेतली. किंमत पाहून दोन कुटुंबांनी नकार दिला. सार्वजनिक दवाखान्यात ती मिळावी ही त्यांची अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. पाळणाघर तीन आठवडे बंद राहिले आणि उघडल्यावर लंगोट बदलण्याची जागा खाऊच्या टेबलापासून दूर, बेसिनशेजारी हलवण्यात आली.

टाकीचे काम मात्र लगेच झाले नाही. भेग बुजवून, ब्लीचिंग पावडरने टाकी धुऊन तीच वापरावी, असे समितीतील काहींचे म्हणणे होते. प्लंबरचे म्हणणे होते की चेंबर तीन पावलांवर असेपर्यंत भेग पुन्हा पडेल. चेंबर हलवा आणि टाकीचे तोंड साचणाऱ्या पाण्याच्या वर उचला. खर्च दोन्ही विंगनी वाटून घ्यावा की फक्त ब विंगने सोसावा, यावर विशेष सर्वसाधारण सभा दोनदा तहकूब झाली. अ विंगचे तिघे आजारी पडल्यावर झालेल्या तिसऱ्या सभेत तो सामाईक ठरला. आता टाकीचे झाकण जमिनीपासून अडीच फूट उंच कठड्यावर आहे, चेंबर फाटकाच्या बाजूला गेले आहे, आणि पाण्यातील शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आहे की नाही हे वॉचमन रोज सकाळी नळीतल्या रंगावरून पाहून वहीत लिहितो. वॉर्ड ऑफिसला पाणीपुरीवाल्याविरुद्ध दिलेला अर्ज समितीने मागे घेतला, पण तोवर गाडी उचलली गेली होती.